हरकतीची मुदत

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. दुकानातील गादीची खोळ बदलायची म्हणून मुलाने गादी उचलली आणि खालून घडी घातलेला एक कागद निघाला. नगरपालिकेची कर आकारणीची नोटीस होती. मुलाने तारीख वाचली आणि विचारले, "अब्बा, ही तर २०२३ ची आहे. हिचे पुढे काय केले?" काहीच केले नव्हते. शिपाई आला तेव्हा दुकानात एका लग्नाचा बस्ता बांधणे चालू होते. मी वहीत सही केली, कागद गादीखाली सारला आणि पुन्हा शालू उलगडू लागलो. सावकाश कोणाकडून तरी वाचून घेऊ असे मनात होते. ते सावकाश दोन वर्षे चालले.

नोटिशीत लिहिले होते की आपल्या मिळकतीचा वार्षिक कर इतका प्रस्तावित आहे, हरकत असल्यास ३० दिवसांच्या आत लेखी सादर करावी, मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही. आमच्या दुकानामागे एक कोठी आहे. तिला ना खिडकी ना रस्त्याकडे दार, रिकामी खोकी आणि जुनी तागडी तेवढी तिथे पडलेली असते. तीही दुकानातच धरली होती. मोजमापात सरळ चूक होती, पण ती दाखविण्याची वेळ निघून गेली होती. कचेरीत गेलो तर तेथील बाबू म्हणाले, "शेठ, मुदत कधीच संपली. आता भरून टाका, नाहीतर शास्ती वाढत जाईल."

कोणत्या गावची नगरपालिका हे लिहीत नाही. त्या कचेरीशी माझे भांडण नाही. त्यांनी नोटीस दिली, वहीत सही माझी आहे. शिवाय वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठेही जा, आपल्या व्यापारी बांधवांच्या गाद्यांखाली असे कागद निघतील, याची मला खात्री आहे.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. दिवसभर गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, मराठी वर्तमानपत्रही वाचतो. पण कचेरीची मराठी ही निराळीच भाषा आहे, आणि उर्दू शिकलेल्या माणसाला ती फार गोड फसविते, कारण तिच्यातले अर्धे शब्द आपल्या घरचे वाटतात. आता हा 'हरकत' शब्दच घ्या. शाळेत आम्ही खोडी केली की उस्ताद कान धरून विचारीत, ही काय हरकत आहे? उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, नाहीतर वाह्यातपणा. कचेरीत हरकत म्हणजे आक्षेप. 'तक्रार' म्हटले की आम्हाला भांडण ऐकू येते, कचेरीत ती साधी फिर्याद असते. 'खुलासा' आमच्याकडे सारांशाला म्हणतात, येथे खुलासा मागितला म्हणजे जाब विचारला. आणि कोर्टात दोन पक्षांचा समझोता झाला की उर्दूत तो 'राजीनामा', मराठीत मात्र खुर्ची सोडताना द्यायचा कागद. याच कारणाने आमचे अनेक वडीलधारे नगरपालिकेत 'हरकत घ्यायला' कचरतात. त्यांना वाटते हे सरकारशी भांडण लावून घेणे आहे. शरीफ माणसाने हरकत कशाला करावी!

'शास्ती' हा शब्द मात्र आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हता, आणि खिशाला नेमका तोच लागला. नगरपरिषदेच्या थकीत मालमत्ता करावर कायद्याने दरमहा २ टक्के शास्ती बसते. दहा हजारांची थकबाकी असेल तर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे रुपये. ठोक कापडात शेकडा चार-पाच सुटले तरी आपण शुक्र मानतो, उधारी बुडाली तर तेही नाही. आणि येथे शेकडा चोवीसने रक्कम वाढते आहे, तीही ज्या कोठीत आपण एक रुपयाचा धंदा करीत नाही त्या कोठीवर. व्याज देणे-घेणे टाळणारा माणूस केवळ कागद न वाचल्यामुळे असा पैसा भरत बसतो, याला काय म्हणावे?

बाबूंनी 'मुदत संपली' म्हटल्यावर माझ्या तोंडून सवयीने निघाले, "नगरसेवकांना भेटतो." ते हसले. नगरसेवक होतेच कुठे?

येथे थोडे मागे जावे लागेल. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुकीचा पहिला टप्पा झाला, तेव्हा नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते. आठवडाभर बँकेच्या रांगेत आणि रविवारी मतदानाच्या रांगेत, असे ते दिवस होते. त्या निवडणुकीतील नगरसेवकांची पाच वर्षे २०२१ च्या अखेरीस पुरी झाली. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिच्यानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक झाली पाहिजे. ती झाली नाही. प्रशासक आले. त्यानंतर मतदान झाले ते २ डिसेंबर २०२५ ला. मधली जवळजवळ चार वर्षे आपल्या गावांत निवडून आलेले एकही माणूस नव्हते.

आता जरा आठवा. २०२१ च्या त्याच डिसेंबरात आपण सारे कापडवाले कशासाठी धावपळ करीत होतो? कापडावरील जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ५ चा १२ टक्के होणार होता. सुरतेपासून इचलकरंजीपर्यंत बाजारात एकच चर्चा. निवेदने गेली, बंद झाले, आणि ३१ डिसेंबरला जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. मिठाई वाटली गेली. मीही खाल्ली. दिल्लीचा कर थोपविला याचा आनंद योग्यच होता. परंतु त्याच सुमारास आपल्या दाराशी असलेल्या नगरपालिकेतून आपली माणसे गेली आणि कुलूप लागल्यासारखे सभागृह रिकामे झाले, याची चर्चा एकाही दुकानाच्या ओट्यावर झाल्याचे मला आठवत नाही. काही जण तर म्हणाले, बरे झाले, कटकट गेली.

या चार वर्षांच्या खोळंब्याची मुळी आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात, हेही पुष्कळांना ठाऊक नाही. जिल्हा परिषदांतील ओबीसी जागांमुळे एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाते, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या जिल्हा परिषदांच्या जागांवरून तो गेला त्यांत वाशिम होती. विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या नावाच्या त्या खटल्याचा निकाल ४ मार्च २०२१ रोजी लागला. न्यायालयाने सांगितले की ओबीसींना राखीव जागा द्यायच्या तर आधी स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक ठिकाणचा मागासलेपणा आकड्यांनी दाखवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. वाशिम जिल्हा परिषदेच्या १४ जागा त्यामुळे रिकाम्या झाल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथे पुन्हा मतदान घ्यावे लागले. पुढे राज्य शासनाने अध्यादेश काढला, न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, मग बांठिया आयोग बसला, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला. अहवाल आला तर प्रभाग किती आणि कोणी आखायचे यावर नवे वाद सुरू झाले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की बांठिया अहवालापूर्वी ओबीसी आरक्षण जसे होते तसे धरा आणि निवडणुका घ्या. चार महिन्यांची मुदत दिली होती, ती पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढविली. मुदत फक्त आपल्यालाच पाळावी लागते असे दिसते.

हा प्रश्न आपल्याशी संबंधित नाही असे समजू नये. पिंजारी, बागवान, मोमीन, तांबोळी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. छोट्या गावात हातावर पोट असलेला कारागीर नगरपालिकेत निवडून जातो तो बहुधा याच जागेवरून. खुल्या जागेवर उभे राहायला जो पैसा लागतो तो रजया भरणाऱ्याकडे कुठून येणार?

प्रशासकाच्या काळात सगळेच वाईट झाले असे मी म्हणणार नाही. काही कामे झटपट झाली. सभागृहातली आदळआपट नव्हती, या गटाचा ठराव त्या गटाने पाडला असे नव्हते. पण प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच, असा कारभार होता. अधिकारी कितीही चांगला असला तरी बदलून जाणारा असतो. आमच्या गल्लीत पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते हे त्याला कसे कळणार? ते सांगायला कोणी तरी पाहिजे, आणि ऐकले नाही तर पाच वर्षांनी त्याला घरी बसविण्याची ताकद आपल्या हातात पाहिजे.

पाण्यावरून आठवले. २०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या रांगेतील दुकानांत नालीचे पाणी शिरले. सकाळी शटर उचलले तर खालच्या फळीवरचा सगळा माल भिजलेला. सुती चादरी, अस्तराचे ताके, कटपीसचे गठ्ठे. चादरी वाळवून स्वस्तात काढता आल्या, अस्तराला वास राहिला तो गेलाच नाही. आम्ही दहा-बारा दुकानदारांनी मिळून अर्ज केला. अर्जाची पोच घेतली नाही. आठ दिवसांनी चौकशी केली तर तो टेबलावर नव्हता. दुसरा केला. उन्हाळ्यापर्यंत काही झाले नाही.

परंतु येथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही. ती नाली तुंबली होती ती आमच्याच ओट्यांखाली. माझ्या वडिलांनी दुकान घेतले तेव्हा नाली उघडी होती. पुढे एकाने तिच्यावर फरशी टाकली, दुसऱ्याने सिमेंटचा ओटा केला, मीही केला. त्या ओट्यावर साड्या नेसविलेले दोन पुतळे उभे केले, पलीकडच्याने गालिचे पसरले. सफाई कामगार येई तो वरून झाडून जाई, खाली हात घालायला त्याला जागाच नव्हती. दहा-बारा जणांनी सह्या केलेल्या त्या अर्जात 'नगरपालिकेने नाली साफ करावी' असे होते. 'आम्ही ओटे काढतो, मग तुम्ही नाली साफ करा' असे लिहायला एकही जण तयार नव्हता. २०२५ च्या पावसाळ्याआधी मी माझा ओटा फोडला. शेजाऱ्यांनी फोडले नाहीत. त्यामुळे संपूर्ण रांगेतील नालीची अवस्था कशी आहे हे आता फक्त माझ्या दारात उभे राहून पाहता येते, आणि लोक येऊन पाहतातही.

हातगाड्यांचेही असेच आहे. मागे आमच्या बाजारातील दुकानदारांनी हातगाड्या हटविण्याचे निवेदन दिले. त्यावर माझीही सही होती. गाड्या काही आठवडे हटल्या. रस्ता मोकळा झाला, दुकानही मोकळे झाले! बांगड्यांच्या गाडीपाशी थांबणाऱ्या बायाच पुढे ब्लाउजपीस घ्यायला माझ्याकडे येत होत्या, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. गाडी लावणारा बहुधा आपलाच असतो, कोणी बागवान, कोणी मन्यार, कोणी तयार कपडे विकणारा. आणि त्याला हटवा म्हणणाराही आपलाच. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्याप्रमाणे नगरपालिकेने विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे, प्रमाणपत्र द्यायचे, सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणाला उठवायचे नाही, आणि जागा ठरविणाऱ्या समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे. आपल्या गावात ही समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, तिची बैठक शेवटी कधी झाली, हे किती हातगाडीवाल्यांनी विचारले? २०२० साली दहा हजारांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली तेव्हा नगरपालिकेच्या शिफारशीसाठी रांगा लागल्या. ती रांग लावणे जमले, मग समितीचे विचारणे का जमू नये? दुकानदाराला सांगतो, समितीत आपणही बसावे आणि हातगाडीवाल्याशी समोरासमोर बोलून वेळ आणि जागा ठरवून घ्यावी. पोलिसाची गाडी बोलावून तो प्रश्न सुटत नाही, आठवड्याने ती गाडी तिथेच परत येते.

आमच्या वडिलांच्या काळी व्यापारी आणि नगरपालिका यांचे नाते वेगळे होते. तेव्हा जकात होती. मालेगाव, बऱ्हाणपूर, सुरतेहून येणाऱ्या गाठी नाक्यावर उतरत, पावती फाटे, प्रसंगी गाठ उघडूनही दाखवावी लागे. जकातीला आम्ही फार शिव्या दिल्या. १९९९ साली राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली तेव्हा कोणाला वाईट वाटले नाही, मलाही नाही. पण आता मागे वळून पाहताना एक गोष्ट दिसते. त्या काळी नगरपालिकेचा पगार आमच्या गाठींवर निघत असे. बाजार मंदा झाला की कचेरीला लगेच समजे. व्यापाऱ्याचा नमस्कार नगराध्यक्ष थांबून घेत. जकात गेली, तिच्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान आले, आणि नगरपालिकेची नजर बाजारावरून उठून मुंबईकडे लागली. आपला तिच्याशी संबंध उरला तो मालमत्ता कराच्या बिलापुरता आणि नळाच्या पट्टीपुरता. तो संबंधही आपण गादीखाली सारतो.

आता निवडणूक झाली. काही नगरपरिषदांत मतदान २० डिसेंबरला गेले, सगळीकडची मोजणी २१ डिसेंबर २०२५ ला झाली. नगराध्यक्षही थेट जनतेतून निवडले गेले. हाही एक खेळच झाला आहे. २०१६ ला थेट, २०२० ला ते रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात रात्री उशिरापर्यंत बैठका चालत. मी दोन-तीन ठिकाणी जाऊन बसलो. कोण आपला, कोण परका, कोणत्या बिरादरीची मते किती, कोणी कोणाला शब्द दिला, या पलीकडे गाडी जात नव्हती. एका उमेदवाराला मी विचारले, "भाई, कर आकारणीचे काय करणार?" त्यांनी प्रेमाने माझा हात धरला आणि म्हणाले, "चाचा, तुमचे काय असेल ते काम मी करून देईन." माझे काम! मी माझ्या कामाचे विचारलेच नव्हते.

एक गंमतही पाहिली. नगरपरिषदेची थकबाकी असलेला माणूस नगरसेवक होण्यास अपात्र ठरतो. त्यामुळे अर्ज भरायच्या दिवसांत थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी धावपळ उडाली. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडून वसुली झाली नाही त्यांनी एका दुपारी रोख भरणा केला. निवडणुका वेळेवर होत राहिल्या असत्या तर नगरपालिकेची तिजोरी निदान या वाटेने तरी भरत राहिली असती.

थट्टा सोडा. निवडून आलेल्या माणसाकडे आपण जातो तो नळ जोडून द्या, पोराला दाखला मिळवून द्या, दंड कमी करून द्या, यासाठी. तो तेवढे करतो आणि आपण खूश होतो. दाखल्यासाठी नगरसेवकाची गरज नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला, कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला वगैरे किती दिवसांत द्यायचे हे ठरलेले आहे, ती यादी कचेरीत लावलेली असली पाहिजे, आणि मुदतीत मिळाले नाही तर अपील करता येते. जे काम कायद्याने आपल्याला मिळणारच आहे त्यासाठी मेहरबानी घेतली की मग नालीचे, रस्त्याचे, कराचे बोलताना जीभ जड होते. ज्याच्या घरी चहा पिऊन दाखला आणला त्याला अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाला किती पैसे धरले हे कसे विचारणार? फेब्रुवारीत अंदाजपत्रक येते. सभेचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते. ते मागून आपल्या नगरसेवकाने वर्षभरात तोंड किती वेळा उघडले एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल.

निवडणुकीच्या आधीचीच एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रभाग रचनेचे प्रारूप लागले, त्यावर हरकती घेण्याचे मोजके दिवस होते, ते गेले. आम्हाला कळले तेव्हा प्रभाग ठरले होते. ऑक्टोबरात प्रारूप मतदार याद्या लागल्या. दिवाळी तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पण गादीखालचा कागद नुकताच सापडला होता आणि मनाला टोचत होता. मी मुलाला दुपारी दुकानातून उठवून कचेरीत पाठविले. त्याने यादी पाहिली तर आमच्या गल्लीतील पाच घरांची नावे शेजारच्या प्रभागात गेलेली. त्या पाच घरांतून आधारकार्डांच्या नकला गोळा केल्या, पाच वेगवेगळे अर्ज मराठीत लिहिले, प्रत्येकाची पोच घेतली. अंतिम यादी आली तेव्हा तीन घरे आमच्या प्रभागात परत आली होती. दोन नाही आली. त्या दोन घरांनी शेजारच्या प्रभागात जाऊन मतदान केले. पाचपैकी तीन हा काही मोठा विजय नव्हे, पण माझ्या आयुष्यात नगरपालिकेच्या कागदावर मी लिहिलेल्या अर्जामुळे काही बदलल्याचे ते मी पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर एक नेम केला. दुकानाच्या खांबावर एक पाटी लावली आहे. नगरपालिकेची कोणतीही जाहीर सूचना निघाली की मुलगा तिची नक्कल आणतो, ती पाटीवर डकवतो आणि खाली चार ओळींत उर्दूत मतलब लिहितो. शेवटची तारीख तांबड्या शाईने. सुरुवातीला लोकांना वाटले सेल लागला आहे. आता येता-जाता थांबतात. जवळच्या शाळेतील एक गुरुजी अर्ज तपासून देतात. मोहल्ल्यात दहावी-बारावी झालेल्या मुली इतक्या आहेत, त्यांची मराठी आमच्यापेक्षा कितीतरी साफ आहे, त्यांनी गल्लोगल्ली हे काम हाती घेतले तर म्हाताऱ्यांना बाबूंच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे लागणार नाही.

२०२६ च्या सुरुवातीला आमच्या गल्लीत पुन्हा काही नोटिसा आल्या. मागच्या गल्लीत रजया-गाद्या भरणारे एक पिंजारी गृहस्थ राहतात. घराच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजण्याचे यंत्र, मागे दोन खोल्यांत बायकामुले. नोटिशीत सगळे घर बिगरनिवासी धरले होते. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटले हरकत घ्या. ते घाबरले. "शेठ, हरकत म्हणजे भांडण तर नाही ना? उद्या यंत्रच बंद करा म्हणाले तर?" त्यांना समजावयाला अर्धा तास गेला. पुढच्या खोलीचे माप वेगळे, मागच्या खोल्यांचे वेगळे, विजेचे बिल, दोन फोटो, असे सगळे जोडून अर्ज केला. मुदतीचा बाविसावा दिवस होता. कचेरीत मी बरोबर गेलो, पण अर्ज त्यांनाच द्यायला लावला. बाबूंनी वाचला, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच त्यांच्या हातात दिली. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. बाहेर आल्यावर पुन्हा काढून पाहिला.

सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.